तारेच्या टोकावरचं शिखर : मायोराना शोधायच्या मापनाची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. वाचायला सोयीचं जावं म्हणून थोडी काटछाट केलीये, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवलाय.)

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते.

बीटेकच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स लॅबमध्ये आम्हाला हॉल इफेक्टचा प्रयोग होता. एक चुंबक, सेमीकंडक्टरचा नखाएवढा तुकडा आणि एक मिलिव्होल्टमीटर. रीडिंग घ्यायची, ग्राफ काढायचा, रेषेचा उतार मोजायचा आणि जर्नलमध्ये उत्तर लिहायचं. आमच्या ग्रुपचा ग्राफ काही केल्या सरळ येईना. दहातले चार बिंदू भलतीकडेच. शेवटी आम्ही सीनियरचं जर्नल मागून आणलं, उत्तर किती यायला हवं ते पाहिलं, नवं पान घेतलं आणि त्यावर ते चार बिंदू उतरवलेच नाहीत. सरांनी सही केली. मार्कही चांगले मिळाले.

तुमच्यातल्या कितीजणांनी असं केलंय ते विचारत नाही. हसू आलं असेल तर समजले.

ही गोष्ट मी विसरून गेले होते. मग २०२१च्या मार्चमध्ये, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवसांत, बातमी वाचली की ‘नेचर’मधला एक गाजलेला पेपर मागे घेतला गेलाय. विषय होता अतिवाहक तारांमधून वीज कशी वाहते त्याचं मापन. आणि तिथेही प्रश्न ग्राफवर न आलेल्या बिंदूंचाच होता. तेव्हापासून हा इतिहास वाचतेय. आज तो सांगते, अगदी सुरुवातीपासून.

हरवलेला माणूस, हरवलेला कण

सुरुवात इटलीत होते. एत्तोरे मायोराना, जन्म १९०६, सिसिलीतल्या कातानिया शहरातला. रोममध्ये एनरिको फर्मींच्या तरुण गटात तो होता. १९३७ मध्ये त्याने एक पेपर लिहिला. त्या काळी पॉल डिरॅकच्या समीकरणामुळे सगळ्यांना ठाऊक झालं होतं की इलेक्ट्रॉनला एक उलटा जोडीदार असतो, पॉझिट्रॉन. मायोरानाने दाखवलं की गणिताला आणखी एक शक्यता मान्य आहे. जो कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे, असा कण.

पुढच्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, पालेर्मोहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीच्या प्रवासात मायोराना नाहीसा झाला. वय ३१. त्याचं काय झालं यावर आजही वाद आहेत. त्यामुळे ‘मायोराना सापडला’ असा मथळा आला की इटालियन लोक दोनदा वाचत असणार.

तो कण निसर्गात सुटा सापडतो का, हा वेगळा प्रश्न. आपली गोष्ट मात्र धातूच्या आत घडते.

जोडीनेच प्रवेश

आता नेदरलँड्समधल्या लेडनला जाऊ. १९११ मध्ये हाइके कामरलिंग ऑनस यांच्या प्रयोगशाळेत पारा द्रवरूप हेलियमने थंड केला, तेव्हा साधारण ४.२ केल्विनला त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. ती का होते हे कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं की अतिवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे फिरत नाहीत, त्यांच्या जोड्या होतात. जोडी फोडायची तर ठरावीक ऊर्जा मोजावी लागते. तेवढ्या ऊर्जेच्या आत एकट्या इलेक्ट्रॉनला जागाच नाही. याला म्हणतात ‘गॅप’.

ही गॅप मोजायची कशी? १९६०ला आयव्हर येव्हर नावाच्या माणसाने अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फार सोपा मार्ग काढला. गडी मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, नॉर्वेचा. त्याने अॅल्युमिनियमचा पातळ थर घेतला, त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा येऊ दिला आणि वर शिशाचा थर चढवला. थंड केलं, थोडं व्होल्टेज दिलं आणि करंट मोजला. गॅपच्या आत करंट जवळजवळ नाही, बाहेर गेलं की भसकन वाढतो. व्होल्टेज आणि करंटचा साधा ग्राफ, पण त्यात अतिवाहकाचं पोट दिसलं. १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आजच्या गोष्टीतली सगळी मोजमापं या येव्हरच्या ग्राफची नातवंडं आहेत.

१९६४ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सांद्र आंद्रेयेव्ह यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. साध्या धातूतून एक इलेक्ट्रॉन अतिवाहकाच्या दारात आला, तर आत जाणार कसा? आत तर जोडीनेच प्रवेश. सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्याने बसतात तसं. मग तो बाहेरचा आणखी एक इलेक्ट्रॉन सोबत घेतो आणि दोघं आत जातात. ज्याला ओढून नेलं त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उलट्या दिशेने परत फिरते. हिशेब लक्षात ठेवा. एक इलेक्ट्रॉन आला, पण विद्युतभार दोघांचा गेला. हा ‘दोन’ पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पाककृती

आता थेट २००१. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई किताएव यांनी कागदावर एक तार मांडली. विशिष्ट प्रकारचा अतिवाहक घेतला तर त्या तारेच्या दोन टोकांना दोन विचित्र अवस्था तयार होतात. प्रत्येक अवस्था अर्धी इलेक्ट्रॉन, अर्धी होल, म्हणजे स्वतःच स्वतःची उलटी. ऊर्जा बरोब्बर शून्य. मायोरानाच्या कणाचा हा दूरचा चुलतभाऊ म्हणा.

याचं एवढं कौतुक कशाला? कारण क्वांटम कॉम्प्युटर. त्याचा जीव फार नाजूक, जराशा धक्क्याने माहिती पुसली जाते. पण एकच माहिती तारेच्या दोन टोकांत वाटून ठेवली, तर एका टोकाजवळच्या गडबडीला ती वाचता येत नाही आणि बिघडवताही येत नाही. शिवाय या अवस्था एकमेकींभोवती फिरवल्या, तर वेणीचे पेड कोणत्या क्रमाने घातले ते जसं वेणीत राहतं, तसा फिरवण्याचा क्रम त्यांच्यात राहतो. वेणी थोडी विस्कटली तरी पेड तेच. टोपोलॉजी म्हणजे हेच, आकार थोडा हलला तरी न बदलणारी गोष्ट.

किताएवचा अतिवाहक बाजारात मिळत नव्हता. २०१० मध्ये दोन गटांनी तो घरी कसा करायचा ते सांगितलं. एक मेरीलँड विद्यापीठातल्या शंकर दास सर्मा यांचा. हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. दुसरा युवल ओरेग, गिल रेफाएल आणि फेलिक्स फॉन ओपेन यांचा. कृती अशी : इंडियम अँटिमोनाइड किंवा इंडियम आर्सेनाइडची नॅनोवायर घ्या, अंदाजे शंभर नॅनोमीटर जाड. तिला साधा अतिवाहक चिकटवा. तारेच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र द्या. गेटच्या व्होल्टेजने तारेतली इलेक्ट्रॉनची संख्या जुळवा. योग्य मिश्रण झालं की टोकांवर मायोराना.

मोजायचं काय?

समजा असं उपकरण तयार आहे आणि फ्रिजमध्ये केल्विनच्या काही शतांशांपर्यंत थंड झालंय. आता?

तेच येव्हरचं काम. तारेच्या टोकाशी एक पातळ अडथळा ठेवायचा. अगदी थोडं व्होल्टेज द्यायचं, ते जरासं हलवायचं आणि करंट किती हलला ते पाहायचं. या गुणोत्तराला वाहकता म्हणतात. मायोराना असेल, तर शून्य व्होल्टेजवर वाहकतेचं एक टोकदार शिखर दिसायला हवं, कारण तिची ऊर्जाच शून्य आहे.

आणि त्या शिखराची उंचीही ठरलेली. २००९ मध्ये लॉ, ली आणि एनजी यांनी गणित मांडलं होतं : पुरेशा थंडीत ती उंची दोन गुणिले इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग, भागिले प्लँकचा स्थिरांक. उलट करून रोधात सांगायचं तर सुमारे १२,९०६ ओहम. यातला ‘दोन’ म्हणजे आंद्रेयेव्हच्या जोडीचा दोन. अडथळा थोडा जाड करा, थोडा पातळ करा, उंची तीच राहणार. ग्राफवर ते पठारासारखं दिसेल. सह्याद्रीतल्या सड्यासारखं सपाट.

भौतिकशास्त्रज्ञांना अशा पठारांचं वेड आहे आणि त्याला कारण आहे. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना हॉल इफेक्टच्या मापनात पठारं सापडली, २५,८१२.८ ओहमच्या हिशेबाने. (हो, माझं जर्नल फसलं तोच हॉल इफेक्ट. फक्त त्यांचं चुंबक जरा बरं होतं.) ती पठारं कोणत्याही देशात, कोणत्याही चांगल्या नमुन्यात, तीच येतात. इतकी तीच, की १९९०पासून जगभर रोधाचं माप त्यावरून ठरवायला लागले. २५,८१२चं निम्मं करून पाहा. १२,९०६. तो योगायोग नाही, दोन्हीकडे तेच दोन स्थिरांक आहेत. म्हणजे मायोरानाचं पठार दिसलं, तर ते त्याच घराण्यातलं ठरणार. नोबेलचं घराणं.

डेल्फ्ट, २०१२

लेडनपासून वीसेक किलोमीटरवर डेल्फ्ट आहे. तिथल्या लिओ कौवेनहोव्हन यांच्या गटाने २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये पेपर छापला. इंडियम अँटिमोनाइडची तार, तिला चिकटलेला अतिवाहक, आणि चुंबकीय क्षेत्र वाढवल्यावर शून्यावर उगवणारं शिखर. क्षेत्र बदललं, गेट बदललं, तरी बऱ्याच अंतरापर्यंत ते शून्यावरून हललं नाही. पहिलं नाव विन्सेंट मौरिक यांचं, आणि लेखकांत सर्गेई फ्रोलोव्हही होते. ही दोन नावं ध्यानात ठेवा.

त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेतूनही अॅल्युमिनियम आणि इंडियम आर्सेनाइडच्या तारेत असंच शिखर दिसल्याचा पेपर आला. त्याचे पहिले लेखक अनिंद्य दास आज बंगळुरूच्या आयआयएससीत आहेत.

पण डेल्फ्टच्या शिखराची उंची अपेक्षेच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नव्हती. आणि दुसरी अडचण जास्त गंभीर. शून्यावरचं शिखर फक्त मायोरानाच देते असं थोडंच आहे? तारेत कुठे अशुद्धता असेल, अडथळ्याजवळ व्होल्टेजचा उतार जरा सौम्य असेल, तर साध्या अवस्थाही शून्याजवळ येऊन बसतात. त्यांना आंद्रेयेव्ह अवस्था म्हणतात. २०१२ मध्येच सिद्धांतवाल्यांनी दाखवलं होतं की मायोराना नसतानाही असं शिखर येऊ शकतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट पास झाली, पण बग असतानाही ती पास होऊ शकते हे कळलं. अशा टेस्टवर कोणी रिलीज करत नाही.

पठार आलं, पठार गेलं

म्हणून सगळी मदार उंचीवर आली. दरम्यान मायोरानावर बेतलेला क्वांटम कॉम्प्युटर बांधायचा असं मायोक्रोसॉफ्ट नव्हे, मायक्रोसॉफ्टने (जीभ वळत नाही आज) ठरवलं होतं, आणि २०१६ मध्ये त्यांनी कौवेनहोव्हन यांना आपल्याकडे घेतलं. मार्च २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये डेल्फ्टच्या गटाचा पेपर आला. शिखराची उंची बरोब्बर अपेक्षेइतकी, आणि अडथळा बदलला तरी तीच. पठार.

फ्रोलोव्ह तोवर पिट्सबर्गला प्राध्यापक झाले होते, मौरिक सिडनीत होते. दोघांनी मूळ मापनांच्या फाइल्स मागितल्या. मिळाल्या त्या वाचल्या. छापलेल्या ग्राफमध्ये जे दिसत होतं, त्याच्या आजूबाजूचं बरंच काही ग्राफमध्ये नव्हतं. त्यांनी ‘नेचर’ला कळवलं. एप्रिल २०२०मध्ये मासिकाने पेपरवर इशारा लावला. लेखकांनी सगळी मापनं पुन्हा मांडली, तेव्हा काही बिंदू अपेक्षित उंचीच्या बाहेर गेले. काही डेटा गरज नसताना ‘दुरुस्त’ केला होता, आणि एका ग्राफच्या अक्षावरचे आकडे चुकीचे होते. ८ मार्च २०२१ला पेपर मागे घेतला गेला. पुरेशी वैज्ञानिक काटेकोरता पाळली नाही, याबद्दल लेखकांनी माफी मागितली.

चार बाहेरच्या तज्ज्ञांनी चौकशी केली होती. बनावट आकडे घातल्याचा ठपका त्यांनी ठेवला नाही. त्यांच्या मते, उत्साहाच्या भरात लेखकांना हवं ते दिसत गेलं आणि न जुळणारं दिसेनासं झालं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. कारण मला माहीत होतं ते कसं होतं. त्या दिवशी लॅबमध्ये आपण खोटं करतोय असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नव्हतं. आम्हाला खात्रीच होती की ते चार बिंदू चुकीचे आहेत. वायर सैल असेल, मीटर जुना असेल. कारण हाताशी तयार असतं.

इथे एक साधं गणित बघा. साध्या आंद्रेयेव्ह अवस्थेचं शिखर शून्यापासून मायोरानाच्या दुप्पट उंचीपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे गेटचं बटण फिरवता फिरवता ते अपेक्षित उंचीवरून जाणारच, कारण ती बरोबर मध्ये आहे. दोन-तीन गेट, चुंबकीय क्षेत्र, अनेक नमुने, अशी पुष्कळ बटणं हातात असली, तर कुठे ना कुठे ते तिथे थोडा वेळ रेंगाळेलही. तेवढाच तुकडा कापून दाखवला तर पठार दिसतं. २०२१ मध्येच फ्रोलोव्ह यांच्या गटाने ‘नेचर फिजिक्स’मध्ये नेमकं हे दाखवलं : मायोराना नसलेल्या अवस्थांमधून जवळजवळ तीच उंची. क्लिट्झिंगच्या पठारात आणि यात फरक हाच. ते शोधावं लागत नाही, ते टाळता येत नाही.

आणि हे एकट्या डेल्फ्टचं दुखणं नव्हतं. वेगळ्या पदार्थांच्या पातळ थरांत मायोरानाची खूण दिसली असं सांगणारा २०१७चा ‘सायन्स’मधला एक पेपरही २०२२ मध्ये मागे घेतला गेला.

नियम आधी लिहा

यातून लोक काय शिकले? एक म्हणजे एका टोकाकडे पाहून भागत नाही. अवस्था खरी असेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी दिसली पाहिजे, आणि मधल्या तारेतली गॅप बंद होऊन पुन्हा उघडताना दिसली पाहिजे. त्यासाठी एका टोकाला व्होल्टेज देऊन दुसऱ्या टोकाला करंट मोजतात. दुसरं म्हणजे ‘सापडलं’ कधी म्हणायचं त्याचे नियम मापनाआधी लिहायचे. मायक्रोसॉफ्टच्या गटाने असे नियम २०२१ मध्ये मांडले, आणि ते पास करणारी उपकरणं २०२३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मध्ये छापली. उपकरणाचे काही तपशील मात्र जाहीर केले नाहीत. तसं का चालवून घेतलं ते संपादकांनी वेगळं लिहिलं.

वाद तिथेही संपला नाही. २०२५ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या हेन्री लेग यांनी दाखवून दिलं की मापनाची रेंज बदलली तर तेच उपकरण कधी पास होतं, कधी नापास. शिवाय पेपरातली व्याख्या आणि प्रत्यक्ष कोड एकमेकांशी जुळत नाहीत. मायक्रोसॉफ्टला ही टीका मान्य नाही. पण एक सॉफ्टवेअरवाली म्हणून मला यातली चांगली बाजूही दिसते. कोड आणि डेटा उघडा होता, म्हणून तर बाहेरच्या एका माणसाला तो चालवून पाहता आला.

त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला ‘मायोराना १’ नावाच्या चिपची घोषणा झाली. मोठी बातमी झाली. सोबत ‘नेचर’मध्ये आलेल्या पेपरच्या परीक्षण-फाइलमध्ये संपादकांनी स्पष्ट लिहिलं होतं की हे निष्कर्ष या उपकरणांत मायोराना अवस्था असल्याचा पुरावा नाहीत. मथळा आणि तळटीप, दोन्ही एकाच दिवशी.

म्हणजे १९३७चा कागद, २०१०ची पाककृती, हजारो मापनं, आणि सगळ्यांना मान्य होईल असा मायोराना अजून नाही. पण हा इतिहास मला अपयशाचा वाटत नाही. २०१२चं शिखर ज्यांनी मोजलं, त्यांच्यातल्याच दोघांनी २०१८चं पठार पुन्हा तपासलं. स्वतःच्या जुन्या प्रयोगशाळेला प्रश्न विचारणं सोपं नसतं. मैत्री जाते, कधी नोकरीची दारंही बंद होतात. आणि त्यांना ते करता आलं याचं साधं कारण म्हणजे डेल्फ्टच्या कॉम्प्युटरवर न छापलेले बिंदू अजून होते. पुसलेले नव्हते.

गेल्या दिवाळीत घरी माळा साफ करताना माझं ते जर्नल मिळालं. आईने रद्दीत दिलं नव्हतं. हॉल इफेक्टचं पान उघडलं. सहा बिंदू, सरळ रेषा, खाली सरांची सही. ते चार बिंदू काय होते हे आता मला कधीच कळणार नाही. सैल वायर असेल. बहुतेक तसंच असेल. पण पहिलं पान आम्ही फाडून टाकलं होतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्याकडे असं एखादं जर्नल असेल, तर नक्की कळवा.